मोतीरामची नऊ झाकणं

सकाळी सव्वानऊला सुनीताचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून पेपरवाल्याच्या नावानं बोटं मोडत होतो, कारण त्यानं पेपर पुन्हा बायकोनं नुकत्याच सारवलेल्या जागेवर फेकला होता. सुनीता म्हणजे मोतीरामची मुलगी. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. यावर माझ्या तोंडून जे निघालं ते आज लिहायचीही लाज वाटते. मी विचारलं, "कुठून पडला?" पोरीनं रडता रडता नाक ओढलं. मग म्हणाली, "पडले नाही काका... अंगणात खाटेवर बसले होते. चहा पेले, कप खाली ठेवला, अन् तसेच मांग टेकले." आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षांचा दोस्त गेला आणि मनात पहिल्यांदा आली ती सुटका, हे मी कोणाला सांगू? पण ज्या फोनची धास्ती मी इतकी वर्षं घेतली होती तो फोन आला, आणि त्यात शिडी नव्हती. माझा दोस्त जमिनीवर, आपल्या अंगणात, पोटात चहा असताना गेला. रडू त्यानंतर आलं, आणि आलं ते चांगलं दोन दिवस थांबलं नाही.

तुम्ही कधी एखाद्या दवाखान्यात खाटेवर पडून छताकडे पाहिलं असेल, तर पंख्याच्या बाजूला उपडी ठेवलेली पांढरी वाटी दिसली असेल. तिच्यात एक लाल दिवा थांबून थांबून लुकलुकतो. धूर झाला की ती वाटी ओळखते आणि खाली घंटी वाजते. कारखान्यात तिला डिटेक्टर म्हणतात, पण आमच्या जिल्ह्यातल्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले, मजूर वाटीच म्हणायचे, म्हणून आम्हीही वाटीच म्हणायचो. मी आणि मोतीराम मिळून या वाट्या बसवायचो, उतरवायचो, साफ करायचो, बिघडली तर बदलायचो. मी बाभुळगावचा, तो राळेगावकडच्या तांड्यातला. यवतमाळच्या आयटीआयमध्ये एका बाकावर बसलो, पहिल्याच आठवड्यात भांडलो, आणि त्यानंतर एकमेकांवाचून आमचं कधी चाललं नाही. भांडायचो मीच म्हणा. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "झालं? आता पाना दे."

आमची कामं ठरलेली होती. तो चढायचा, मी शिडी धरायचो. मला उंचीची भीती आहे. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहायचं तरी मी आधी गज धरतो. त्याला कशाचीच भीती नव्हती. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये हवेत रुई उडत असते, ती या वाट्यांमध्ये जाऊन बसते, आणि आग नसतानाच घंटी वाजायला लागते. मालक वैतागतात, मजूर हसतात, आणि मग आम्हाला बोलावणं येतं. अशाच एका जिनिंगमध्ये, नाव सांगत नाही, मोतीराम शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता आणि मी खाली मुनीमजीशी भांडत होतो. कशावरून? चहावरून. सकाळपासून चहा विचारला नाही म्हणून मी त्यांना चार गोष्टी सुनावत होतो. आणि माणूस भांडतो तेव्हा त्याला बोट नाचवायला हात मोकळा लागतो. मी एक हात काढला, मग दुसराही काढला. शिडी सरकली. मोतीराम बारा फुटांवरून खाली आला, मनगट मोडलं, कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, कसा पडला रे? तो म्हणाला, "माह्याच पाय घसरला." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधीही एक शब्द बोललो नाही, आणि आज ही गोष्ट मी पहिल्यांदा लिहितो आहे.

हंगामात पडला तो आंबे पिकेपर्यंत खाटेवर होता. मी दर दोन दिवसांनी तांड्यावर जायचो, गप्पा मारायचो, आणि मनातलं तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचो. एके दुपारी गेलो तर हा खाटेवरून सुनीताला आंबे उतरवायला शिकवत होता. तिच्या हातात झेला. लांब बांबू, त्याच्या टोकाला जाळी, जाळीच्या तोंडाशी पातं. "ओढू नोको, फक्त मुरड. आंबा स्वतःच येते." आणि बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "दिनूभाऊ, वाटी तरी कशी निघते? मुरडूनच निघते ना? मंग आपण कायले चढून राह्यलो इतके वर्ष?"

मोठ्या शहरात अशा काठ्या तयार मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं. पण मोतीरामनं आपली काठी खाटेवर बसून केली. एकात एक बसणारे ॲल्युमिनियमचे तीन पाईप, टोकाला प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं तोंड, आणि वाटीला पकड यावी म्हणून आतून सायकलच्या ट्यूबचं रबर. कंपनीप्रमाणे वाटीचा घेर बदलतो, म्हणून तीन मापांची तीन तोंडं. घराच्या आढ्याला त्यानं वाटीचा बेस, म्हणजे वाटी जिच्यात अडकते ती बैठक, ठोकला आणि महिनाभर खाटेवरून नुसती वाटी काढायचा, लावायचा. वर जास्त दाबलं तर बेस तडकतो, कमी दाबलं तर काठी नुसती फिरत राहते. बरोबर दाबून डावीकडे मुरडलं की टक असा आवाज येतो, आणि तो कानाला कमी आणि हाताला जास्त कळतो. नवी वाटी लावताना उजवीकडे, पुन्हा टक. त्या दिवसापासून शिडी आमच्या सामानाच्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच. लोकांना वाटलं, मोतीरामनं स्वतःच्या कंबरेसाठी काठी केली. मला पक्कं ठाऊक होतं की ती त्यानं माझ्यासाठी केली होती. धरायला शिडीच नसली तर सोडणार काय?

आता झाकणांचं सांगतो. नवी वाटी येते तेव्हा तिच्यावर केशरी प्लास्टिकचं झाकण असतं, बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून. ही झाकणं आम्ही जपून ठेवायचो. कुठं रंगरंगोटी निघाली की काठीनं वाट्यांना झाकणं घालायची आणि काम संपलं की काढायची. आता, झाकण घातलेली वाटी आंधळी असते. खाली जाळ झाला तरी तिला पत्ता नाही. झाकण काढायचं विसरणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट चूक, कारण विसरल्यावर सगळं छान शांत असतं, घंटी वाजत नाही, कोणी तक्रार करत नाही. म्हणून मोतीरामचा नेम होता. आमच्याकडं अठ्ठावीस झाकणं होती, सगळी एका तारेत ओवलेली, खोलीत खिळ्याला टांगलेली. त्यातली काढून नेली की तो तारेला कागदाची चिठ्ठी बांधायचा, गावाचं नाव आणि आकडा लिहून. झाकणं परत आली, ओवून झाली, की चिठ्ठी फाडायची. "झाकण घरी आलं पाह्यजे," तो म्हणायचा, तांड्यावरच्या बाया संध्याकाळी बकऱ्या मोजतात त्याच सुरात.

गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा हलका झटका आला. बरा झाला, पण उजवा हात थरथरायला लागला आणि तो गोष्टी विसरायला लागला. पोळ्यानंतर पुन्हा कामावर यायला लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही दोघांनी मारेगावच्या एका मुलींच्या वसतिगृहात नऊ वाट्यांना झाकणं घातली, कारण सुट्टीत तिथं रंग द्यायचा होता. पोरी परत यायच्या आत ती काढायची होती. काढायला जायची वेळ आली तेव्हा त्याचा हात जास्तच थरथरत होता आणि मी भडकलो. मी म्हटलं, तू घरी बस, मी कोणाला तरी पाठवतो. तो म्हणाला, मीच जातो. आणि मग मी बोलू नये ते बोललो. "तुझ्या हातून एक दिवस चूक होईल मोतीराम, अन् तुझ्यासंगं माझंही नाव जाईल." हे मी बोललो. ज्यानं शिडी सोडली होती, त्या मी. तो चिडला नाही. म्हणाला, "चूक झाली त सांगजो, सुधारीन. होयाच्या पयलेच काहून भांडून राह्यला?" आणि खोलीतून निघून गेला. त्यानंतर दहा-बारा दिवस आमचा अबोला होता. मी फोन केला नाही, त्यानंही केला नाही. मग सुनीताचा आला.

त्याचे दिवस झाल्यावर, एका संध्याकाळी मी आमची खोली उघडली. त्याचा डबा, त्याचा गमछा, कोपऱ्यात काठी, तीन पाईप सुतळीनं बांधलेले. खिळ्यावर झाकणांची तार. मी सहज हात लावला आणि माझ्या बोटांना चिठ्ठी लागली. मोतीरामच्या थरथरत्या अक्षरात, "मारेगाव – ९". मी झाकणं मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. एकोणीसच. चिठ्ठी फाडलेली नव्हती, झाकणं घरी आलेली नव्हती. म्हणजे मोतीराम मारेगावला गेलाच नव्हता... किंवा गेला आणि काय करायला आलो तेच विसरला. पोरी सुट्टी संपवून कधीच्या परत आल्या होत्या. दीडशे पोरी नऊ आंधळ्या वाट्यांखाली झोपत होत्या, आणि मी अबोला धरून बसलो होतो.

सुनीताला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा एक दिवस सकाळीच कुठंसे गेलते काका, रात नाही केली, पाच वाजता आले. कुठं गेलते ते नाही सांगतलं. खुश दिसत होते." एवढ्यावरून काही कळेना. वसतिगृहाच्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता. फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. काय विचारणार? मोतीरामनं झाकणं तशीच ठेवली का हो? त्या प्रश्नानंच त्याच्या नावाला डाग लागला असता, आणि मेलेल्या माणसाला तो पुसायला येता येत नाही. शेवटी मी बाईंना एवढंच सांगितलं की उद्या तपासणीला येतो, तोवर स्वयंपाकघरात कोणीतरी लक्ष ठेवा. माझा बेत ठरला होता. जायचं, काठीनं गुपचूप नऊ झाकणं काढायची, पिशवीत टाकायची, आणि या जन्मात कोणाला सांगायचं नाही. माझी चूक त्यानं झाकली होती, त्याची मी झाकीन. देवाला मात्र मी एकच म्हणत होतो, आजचा दिवस काढ बाप्पा, सकाळी मी पोहोचतो.

पहिली एसटी धरली. कंडक्टर पाईपाच्या गाठोड्याकडं पाहून म्हणाला, "हे काय, तंबू ठोकाले चालले का?" एरवी मी त्याला करंजीच्या थांब्यापर्यंत पुरेल एवढं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसतं तिकीट घेतलं. दोन्ही बाजूला वावरात वेचणी चालू होती, बाया ओटीत कापूस घेऊन उभ्या होत्या, आणि मी काठी गुडघ्यात धरून मनातल्या मनात नऊ जागा आठवत होतो. खालच्या मोठ्या खोलीत चार, वरच्या मजल्यावर तीन, स्वयंपाकघराच्या बाहेर एक, आणि एक जिन्याच्या वर, जिथं शिडी उभीच राहत नाही.

वसतिगृहात शिरलो, बाईंशी दोन शब्द बोललो आणि मान वर केली. खालच्या मोठ्या खोलीतल्या चारही वाट्या उघड्या होत्या. पांढऱ्या, स्वच्छ, लाल दिवा लुकलुकतो आहे. मी त्या दोनदा मोजल्या. वरच्या मजल्यावर धावत गेलो म्हटलं तरी चालेल, तीनही उघड्या. स्वयंपाकघराबाहेरची उघडी. म्हणजे तो आला होता. पण जिन्यावर नवा मोठा दिवा लावला होता आणि त्याच्या झगझगाटात वरची वाटी दिसेना. नेमकी सगळ्यात अवघड जागा. थरथरत्या हातानं त्याला जमली नसेल तर ती हीच. मी पाईप जोडले आणि काठी वर घातली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत ती काठी मी पाच-सहा वेळाच धरली असेल. पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा नुसतीच फिरली. कानाशी त्याचा आवाज होता, ओढू नोको, मुरड. तिसऱ्यांदा दाबलं, डावीकडे मुरडलं, आणि हाताला टक लागलं. वाटी खाली आली. झाकण नव्हतं. आत रंगाचा थेंब नाही, रुईचा तंतू नाही, ब्रशनं साफ केलेली. मी जिन्यावर बसलो आणि ती वाटी मांडीवर घेऊन रडलो. बाई बिचाऱ्या घाबरल्या, त्यांनी पाणी आणलं.

वाटी पुन्हा बसवली. मग म्हटलं, आलोच आहे तर वाजवून पाहू. आमची पद्धत साधी होती, एका डब्यात चार-सहा उदबत्त्या पेटवायच्या, डबा काठीला बांधायचा आणि वाटीखाली धरायचा. बाई म्हणाल्या, "वाजवा. पोरींना आधी सांगत नाही. पाहा तुम्हीच." डबा वर गेला, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग घंटी अशी काही वाजली की माझाच डबा पडता पडता वाचला. मागच्या जन्मातही मी इतका शहाणपणा पाहिला नसेल. धक्काबुक्की नाही, ओरडा नाही. खोल्याखोल्यांतून पोरी निघाल्या, भिंतीच्या कडेनं अंगणात गेल्या, आणि रांगा करून उभ्या राहिल्या. मी काठी टाकून दारात आलो. प्रत्येक रांगेच्या पुढं एक मोठी पोरगी मागं वळून आपल्या रांगेतल्या पोरी मोजत होती. आणि मोजून झालं की तिनं हात वर केला. हातात केशरी झाकण.

एक, दोन, पाच, आठ. आठ झाकणं वर. नववं मला दिसेना, आणि मी सवयीनं शोधायला लागलो, तर स्वयंपाकघराच्या दारातून पीठ लागलेला हात वर आला. स्वयंपाकवाली मावशी. "माह्या हाताखालच्या दोघी हायेत, अन् गॅस बंद केला," ती म्हणाली. नऊ.

पुढच्या रांगेतल्या पोरीला विचारलं, हे तुला कोणी दिलं? ती म्हणाली, "मोतीरामकाकानं. काका म्हणे, वरच्या वाटीचं काम घंटी वाजवाचं, पोट्ट्या मोजाचं काम तुमचं. ज्याच्याजवळ झाकण त्यानं आपल्या रांगेतल्या सगळ्या मोजाच्या, अन् पुऱ्या झाल्याबिगर हात वर कराचा नाही." त्यानं अर्धा दिवस थांबून, दोनदा घंटी वाजवून त्यांच्याकडून हे करून घेतलं होतं. त्याचा नेम त्यानं स्वतःच मोडला होता, आणि चिठ्ठी फाडली नव्हती कारण ती खोटी नव्हती. झाकणं मारेगावलाच होती.

चहा आला तेव्हा बाई हसत म्हणाल्या, "तुमची वाटच पाहत होतो. मोतीरामभाऊ सांगून गेले होते. म्हणाले, माझा जोडीदार एक दिवस तपासायला येईल, तणतणत येईल, त्याला आधी चहा द्या. चहा नसला की तो हात सोडतो." बाईंना त्याचा अर्थ कळलेला नव्हता. मला कळला. इतक्या वर्षांत त्यानं त्या शिडीबद्दल काढलेला हा एकच शब्द, आणि तोही असा, माझ्यासाठी चहा सांगताना. मी तो चहा पिऊन घेतला. जरा जास्तच गोड होता, पण बोललो नाही.

परतताना तांड्यावर उतरलो. वहिनी, म्हणजे सुनीताची आई, अंगणात तूर निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि शिडीची सगळी गोष्ट सांगून टाकली, मुनीमजी, चहा, दोन्ही हात, सगळं. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मले मालूम हाये. त्यायनं दवाखान्यातच सांगतलं होतं. म्हणे, दिनूले सांगू नोको का तुले मालूम हाये, नाही त तो भांडणं सोडून देईल, अन् मंग मले करमणार नाही." मग सुपातले दोन खडे काढून बाजूला टाकले आणि विचारलं, "जेवून जाता का?" मी जेवून आलो.

तारेत आज एकोणीस झाकणं आहेत आणि चिठ्ठी तशीच बांधलेली आहे. नेमाप्रमाणे झाकणं घरी आली की ती फाडायची, पण ती येणार नाहीत आणि यायला नकोत. काठी मी आता रोज थोडी हाताळतो. आमच्या खोलीच्या छताला एक बेस ठोकला आहे, दहातल्या सात वेळा तरी टक लागतं. भिंतीमागची शिडी गेल्या आठवड्यात बाजूच्या रंगाऱ्याला देऊन टाकली. तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला तेव्हा त्याला हाक मारून थांबवलं आणि सांगितलं, खाली जो धरायला ठेवशील, त्याला आधी चहा पाजत जा.